बिबवेवाडीहून खडकवासल्याला, कोरी कॅसेट घेऊन

शेवंताबाई मेश्राम, राहणार खडकी, हे नाव मी सगळ्यात आधी लिहून ठेवते. पुढे जे घडलं ते वाचताना तुम्ही मला हसाल, आणि हसण्याच्या नादात मदत कुणी केली ते विसरून जाल. ते मला चालणार नाही. शेवंताबाई नसत्या तर मी आज गावात असते. तशी आजही गावातच आहे, पण सुट्टीवर. नसत्या तर कायमची असते. या दोन्हींत किती अंतर आहे ते माझ्या थोरल्या भावाला विचारा. मी पुण्याला निघाले तेव्हा त्याने बसथांब्यावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "महिन्याभरात परत येते बघा."

आपल्या वाचनालयाच्या अंकासाठी गुरुजींनी मला प्रवासवर्णन लिहायला सांगितलं. नववीत शाळा सोडलेल्या पोरीकडून त्यांना काय अपेक्षा आहे, देव जाणे. म्हणाले, लोक हिमालयात जाऊन येतात आणि लिहितात, तसं लिही. मी हिमालय पाहिलेला नाही. मी पुणे पाहिलं, तेही बरंचसं गाडीच्या आरशातून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी ड्रायव्हर आहे. मामाच्या पिकअपवर तांदळाची पोती वाहून हात बसला, मग गोंदियाला बायकांना गाडी शिकवणाऱ्या वर्गातून लायसन मिळालं आणि त्यांच्याच ओळखीने पुण्यात काम लागलं. काम म्हणजे एक महिना बघू, जमलं तर ठेवू.

बिबवेवाडी, मंगळवार

ज्यांनी मला 'बघायला' ठेवलं त्या सुमनताई. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर, एकट्या. पहिल्या दिवशी मी त्यांना आजी म्हणाले. त्या म्हणाल्या, "माझ्या नातवंडांची नावं मला पाठ आहेत. त्यात तू नाहीस." मग मी काकू म्हणून पाहिलं. त्यांनी विचारलं, काका कोण तुझा? शेवटी ताईवर तडजोड झाली.

आपल्याकडे माणूस चिडला की ओरडतो आणि संध्याकाळी चहाला बोलावतो. पुण्यात कुणी ओरडत नाही. चिडले की 'आपण' म्हणतात. एखाद्याने तुम्हाला 'आपण असं करा' म्हटलं की समजायचं, आपलं इथलं काम संपलं. दुसरी गोष्ट भाताची. आपण भात खातो. पुण्यात भात दाखवतात. वाटीत दाबून ताटात उलटा केलेला असतो, त्याला मूद म्हणतात. पहिल्या दिवशी मी ती मूद खाऊन भाताची वाट बघत बसले होते.

त्या मंगळवारी सुमनताईंनी माझ्या हातावर काडेपेटीएवढं एक यंत्र ठेवलं. गाणी वाजवणारं. परदेशातल्या भाच्याने त्यात त्यांच्या आवडीची जुनी गाणी भरून पाठवली होती. दर वर्षी एका रविवारी सुमनताई आणि त्यांच्या शाळेपासूनच्या तीन मैत्रिणी खडकवासल्याला जातात, धरणाकाठी बसतात, कणीस खातात आणि एकमेकींची जिरवून परत येतात. मागच्या वर्षी गाडी कुसुमताईंची होती. तिच्यात असंच यंत्र वाजत होतं. कुसुमताई म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी सुमनची गाडी ना? मग काय, बातम्या ऐकत जाऊ." सुमनताईंच्या गाडीत रेडिओ आणि कॅसेटचा जुना सेट आहे. गाडीचं आणि माझं वय साधारण सारखंच. ते वाक्य सुमनताईंनी वर्षभर लोणच्यासारखं मुरवलं होतं.

"रविवारी हे माझ्या गाडीत वाजलं पाहिजे," त्या म्हणाल्या. जिन्यापर्यंत जाऊन परत वळल्या आणि म्हणाल्या, "रविवारी तुझा महिनाही भरतो."

दोन्ही वाक्यं त्यांनी वेगवेगळी सांगितली. बेरीज माझ्यावर सोडली. नववीपर्यंत बेरीज शिकवून झालेली असते.

मला काळजी नव्हती, असं लिहिलं तर माझी आई हसेल. मला सदैव काळजी असते. मी हँडब्रेक ओढला का ते बघायला जिन्यातून परत येते. पण या कामाची जरा कमी होती, कारण मामाच्या पिकअपमधलं एक जुगाड माझ्या पिशवीत होतं. सिगारेट पेटवायच्या भोकात घालायचं, त्याला यंत्र जोडायचं, की ते एफएमच्या एका आकड्यावर गाणं सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. आपल्या भागात ते झकास चालतं. कारण आपल्याकडे एफएमवर नुसती खरखर. सगळे आकडे रिकामे, कुठेही बसा.

पुण्यात एफएमवरही बसायला जागा नाही.

मी एक रिकामा आकडा शोधला आणि सुमनताईंना घेऊन बँकेत निघाले. गल्ली संपेपर्यंत भावगीत छान वाजलं. चौक आला तशी गाण्याच्या मधोमध एक बाई आली आणि काहीच सदनिका शिल्लक असल्याचं सांगू लागली.

"ही कोण?" सुमनताईंनी विचारलं.

"जाहिरात आहे ताई."

"तिला म्हणावं, आम्हाला घर आहे."

मी आकडा बदलला. पुढच्या सिग्नलला एक माणूस हिंदीत विनोद सांगत घुसला. मग पुन्हा थोडं भावगीत, मग सदनिकावाली बाई, तिच्यामागून कुणाचा तरी तबला.

"वनिता, गाडीत आपण किती जणी आहोत?"

"दोघी."

"मग मला पाच जण का ऐकू येतात? त्या सगळ्यांना बँकेपाशी उतरव. येताना आपण दोघीच येऊ."

बिबवेवाडी, बुधवार

दुसऱ्या दिवशी मी मोटारीच्या सजावटीच्या दुकानात गेले. दुकानदार सीटकव्हर मोजत होता. त्याने विचारलं, ड्रायव्हर कुठे आहे. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, तसं नाही, गाडी कोण चालवतं. मी म्हटलं, मीच. त्याने वाकून मागच्या सीटवर पाहिलं, एखादा पुरुष दडवून ठेवलाय का म्हणून. नव्हता. मग त्याने सेट पाहिला.

"हा अजून वाजतो?"

"वाजतो की."

"त्याला सांगा, आता बास. खूप सेवा झाली."

नवीन सेट बसवा म्हणाला. टीव्हीसारखा पडदा, मागे कॅमेरा, सगळं येतं. मी सुमनताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, टीव्ही घरात आहे, आणि मागे बघायला मान आहे. मग म्हणाल्या, "तो सेट यांनी निवडलाय. तो निघणार नाही." 'हे' म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण पुण्यात यजमान गेले तरी त्यांचे निर्णय घरातच राहतात.

दुकानदाराने मग शेपटीवाली कॅसेट काढली. दिसायला कॅसेट, शेपटी यंत्राला जोडायची. सेटने ती आत ओढली, जराशी चघळली आणि बाहेर काढून दिली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. आमच्या घरचं पोर कारलं असंच बाहेर काढतं. तिसऱ्या वेळी दुकानदाराने कॅसेट पुसून ठेवून दिली. म्हणाला, सेट खोलून मागून वायर जोडता येते, पण ते करणारे लोक आता राहिले नाहीत, आम्ही फक्त जुनं काढतो आणि नवीन लावतो.

"आपण असं करा," तो म्हणाला, आणि मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

सोसायटीचं पार्किंग, गुरुवार

आता माझी अक्कल सांगते. मामाने शिकवलेला नियम आहे: गाडीच्या वायरीला हात लावायच्या आधी बॅटरीची तार काढायची. मी नियम पाळणारी आहे. गुरुवारी दुपारी पाना घेतला, तार काढली, सेटच्या कडेने टॉर्चचा उजेड टाकून मागे काय आहे ते बघायचा प्रयत्न केला. सेट जागचा हलला नाही. काहीच दिसलं नाही. मग तार परत लावली, चावी फिरवली.

सेटवर अक्षरं आली: कोड.

म्हणजे हा सेट चोरांसाठी बनवलेला. वीज गेली की त्याला वाटतं, आपल्याला चोरलं. मग गुप्त आकडा विचारतो. मी चोर नव्हते, पण ते सेटला पटवणार कोण? गाडीच्या नंबराचे चार आकडे दाबले. चूक. सुमनताईंचं जन्मसाल मला त्यांच्या औषधांच्या फायलीमुळे माहीत होतं, ते दाबलं. चूक. तिसऱ्यांदा फ्लॅटचा नंबर पुढे शून्य लावून दाबला. सेटने लिहिलं, थांबा, आणि त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं. शाळेत सहामाहीत नापास झालं तर वार्षिक असायची. इथे तीन चुकांत खेळ खलास.

हिशेब सरळ होता. आधी यंत्र वाजत नव्हतं, रेडिओ वाजत होता. आता दोन्ही वाजत नव्हते. रविवार तीन दिवसांवर. वर जाऊन सांगायला हवं होतं. सुमनताई ओरडतील अशी भीती असती तर सांगितलंही असतं. त्या ओरडणार नाहीत, याचीच भीती होती. 'आपण असं करा' म्हणतील आणि मी गोंदियाच्या गाडीत.

खडकी, शुक्रवार

दर शुक्रवारी सुमनताई गुडघ्यांच्या व्यायामाला खडकीला जातात. निघताना त्या म्हणाल्या, रेडिओ लाव.

"स्टेशनं बंद आहेत ताई."

"सगळी?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. पुण्यात 'बरं' हा शब्द किती लांबून येतो ते तुम्हाला इथे बसून कळणार नाही.

खडकी मला बिबवेवाडीपेक्षा बरी वाटली. मोठी झाडं, लष्कराच्या हिरव्या गाड्या, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या लोकांची एकसारखी घरं, जवळच स्टेशन. सुमनताईंना दोन तास लागणार होते. मी गल्लीत सावलीला गाडी लावली आणि 'थांबा' या शब्दाकडे बघत बसले. बघता बघता रडू आलं. आईला फोन लावून म्हटलं, "मायवं, मले वाटते मी परत येऊन रायली." आई काही म्हणायच्या आत काचेवर कुणीतरी टकटक केलं.

साठी उलटलेली बाई होती. हातात वायरींना डाग लावायची तापलेली सळई, तिचा प्लग गाडीला लागूनच्या ओट्यावरच्या बोर्डात. ओट्यावर उघडा पडलेला मिक्सर.

"भंडारा का गोंदिया?" तिने विचारलं.

"गोंदिया. तुम्हाला कसं कळलं?"

"माझी माय असंच बोलायची. 'मले' ऐकून तीस वर्षं झाली. ये बाहेर. आधी रडून घे, नाहीतर आधी सांग. दोन्ही एकदम केलंस तर मला समजणार नाही."

या शेवंताबाई. आईवडील भंडाऱ्याकडून कामासाठी आलेले, बाई इथेच जन्मल्या. त्यांनीही कारखान्यातच नोकरी केली, वायरी जोडायच्या आणि जोडलेल्या तपासायच्या खात्यात. कशाच्या वायरी, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, तू तर आत्ता आलीस. निवृत्त झाल्यावर गल्लीतले पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करतात. दुकान नाही, पाटी नाही. लोकांना माहीत आहे, त्यांच्याकडे रांग असते.

मी सगळं सांगितलं. बॅटरीचं सांगताना मान खाली घातली.

"बॅटरी काढलीस ते बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "आता चावी फिरवून सेट नुसता चालू ठेव. तासभर. बंद करायचा नाही, हात लावायचा नाही. त्याला राग शांत करू दे. तोवर जेवून घे."

आत बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती, भिंतीला टेकून कारखान्याने दिलेलं घड्याळ, आणि चुलीवर, म्हणजे गॅसवर, भात. शेवंताबाईंनी ताटात भात वाढला. वाटी नाही, मूद नाही, उलथन्याने वाढला, वर वांग्याची भाजी ओतली आणि म्हणाल्या, कमी वाटला तर पातेलं इथेच आहे. जवळजवळ महिन्याने माझं पोट भरलं. गुळाशिवायचं वरण मी दोनदा घेतलं, हे इथे मुद्दाम नोंदवते.

तासाभराने 'थांबा' जाऊन पुन्हा 'कोड' आलं. शेवंताबाईंनी एक मोडकी छत्री आणली, तिच्या काड्या तोडल्या, पक्कडीने वाकवल्या आणि सेटच्या दोन्ही बाजूंच्या बारीक भोकांत घातल्या. आत कुठेतरी टकटक झालं. जो सेट माझ्या हाताने जरासुद्धा हलला नव्हता तो टेबलाच्या खणासारखा बाहेर आला. मागे वायरींचा जुडगा. आणि सेटच्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेला, पिवळा पडलेला कागद. त्यावर छापल्यासारखं अक्षर:

'कोड ७३१६. सुमनला सांगितला आहे. ती विसरेल.'

मी म्हटलं, हा काय प्रकार. कुलपाची चावी पेटीत ठेवून पेटीलाच कुलूप लावलं.

"शहाणा माणूस होता," शेवंताबाई म्हणाल्या. "ज्याला कोड लागणार त्याच्या हातात सेट असणारच. दुसरीकडे ठेवला असता तर तो कागद तिथे, सेट इथे."

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण शहाणा?"

व्यायाम त्या दिवशी लवकर संपला होता. सुमनताई काठी टेकत उभ्या, आणि समोर त्यांच्या यजमानांनी निवडलेला सेट वायरींना लटकलेला, मोडक्या छत्रीच्या काड्या टोचलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. दोनदा वाचला.

"मला सांगितलाच नव्हता," त्या म्हणाल्या. आमच्याशी नाही, कागदाशी. "विसरेल म्हणे. सांगायचं नाही आणि वर विसरेल म्हणायचं. बेचाळीस वर्षं हेच."

मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळल्या. सेट कधीपासून बंद आहे, विचारलं. मी म्हटलं, कालपासून.

"म्हणजे स्टेशनं बंद नव्हती."

"नव्हती ताई."

"मला माहीत होतं. उशाशी ट्रान्झिस्टर असतो माझ्या. सकाळच्या बातम्या ऐकूनच निघाले होते. बघत होते, सगळ्या महाराष्ट्राचा रेडिओ किती दिवस बंद ठेवतेस." त्यांनी काठी शेवंताबाईंकडे केली. "गाडी बिघडली तर हिच्यासारख्या कुणाकडे नेता येते, वनिता. तू खोटं बोलायला लागलीस तर तुला कुणाकडे नेऊ?"

शेवंताबाईंनी चार आकडे दाबले आणि रेडिओवर कुणीतरी कांद्याचे भाव सांगू लागलं. त्या म्हणाल्या, "बाई, पोरीने तार काढली ते बरोबर. तुमच्या साहेबांनी कागद लावला तेही बरोबर. दोघांची भेट व्हायला उशीर झाला, एवढंच चुकलं. यंत्र उद्या जोडून देते. घरात कॅसेटी असतील ना? एक आणा. कोरी करायची आहे, परत मिळणार नाही, तेव्हा नको असलेली आणा."

सुमनताईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आनंद पाहिला. "आहे एक," त्या म्हणाल्या.

खडकी, शनिवार

युक्ती अशी होती. शेवंताबाई यंत्राची वायर सेटच्या आत, आवाज कमीजास्त करायच्या बटणामागे जोडणार होत्या. पण सेटला काहीतरी वाजवतोय असं वाटल्याशिवाय तो आवाज बाहेर सोडत नाही. रेडिओ लावला तर रेडिओच बोलतो. कॅसेट लावली तर कॅसेट गाते. म्हणून कॅसेट हवी, पण गप्प बसणारी. ती आत नुसती फिरत राहील, सेटला वाटेल आपण कॅसेट वाजवतोय, आणि ऐकू येईल यंत्र. सेट फसवला की झालं.

सुमनताईंनी दिलेली कॅसेट मी पिशवीतून काढली. वर शाईने ठसठशीत लिहिलं होतं: 'कुसुम. भावगीते.' कुसुमताईंनी कधी काळी स्वतःच्या आवाजात भरून तिघी मैत्रिणींना वाटलेली. सुमनताईंचा निरोप होता की अगदी शेवटच्या सुरापर्यंत पुसा.

डाग लावायला अर्धा तास पुरला. खरी कसरत त्यानंतर. शेवंताबाईंनी आपला जुना टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट घातली, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि ओठावर बोट ठेवलं. आम्ही दोघी मुकाट्याने बसलो. शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. स्टेशनात गाडी आली, गेली. गल्लीत एकाने दुसऱ्याला सांगितलं की स्कूटर लावायला ही तुझ्या वडिलांची जागा आहे का. दुसरा म्हणाला, हो, विचारा त्यांना, वरच्या मजल्यावर आहेत. शेवंताबाईंनी बटण सोडलं. कॅसेट मागे घेऊन ऐकली. कुसुमताई गेल्या होत्या. त्यांच्या जागी खडकी आली होती, कुकरसकट.

पुण्यात शांतता भरायला आम्ही खिडक्या लावल्या, टेपरेकॉर्डर गोधडीत गुंडाळला, कपाटात ठेवला. कपाटात स्कूटरवाल्यांचं भांडण जास्तच घुमलं. मी रडकुंडीला आले. शेवंताबाई तेवढ्या वेळात चहा करत होत्या. चहा झाल्यावर त्यांनी डब्यातून एक सुटी पिन काढली, जिला पुढे काहीच जोडलेलं नव्हतं, आणि माइकच्या भोकात खुपसली.

"आता याला वाटेल बाहेरचा माइक लावलाय. आतला कान बंद. बाहेरचा माइक नाहीच. किती भांडायचं ते भांडू दे त्यांना."

"हे आधी का नाही केलं मावशी?"

"तू एवढ्या हौसेने गोधडी आणलीस. म्हटलं, होऊ दे."

दोन्ही बाजू भरायला दीड तास लागला. त्या दीड तासात आम्ही मोठमोठ्याने बोललो, आणि कॅसेटवर त्यातलं काही उमटलं नाही. गाडीत सेट बसवला, कोरी कॅसेट घातली, यंत्राचं बटण दाबलं. भावगीत आलं. स्वच्छ. सदनिकावाली बाई नाही, विनोदवाला नाही. मी शेवंताबाईंच्या पाया पडायला वाकले तर त्या म्हणाल्या, पायाला नको, ब्रेकला पाय लाव, गाडी उतारावर आहे. मी हँडब्रेक विसरले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

खडकवासला, रविवार

चौघी मैत्रिणी बसल्या. कुसुमताईंचे गुडघे जास्त दुखतात म्हणून त्या पुढे माझ्या शेजारी, बाकी तिघी मागे. सुमनताई आरशात बरोबर माझ्या समोर. सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत कुणी काही म्हटलं नाही. मग कुसुमताई म्हणाल्या, "सुमन, बातम्या लाव की."

"वनिता, लाव," सुमनताई म्हणाल्या. इतक्या हळू, की वर्षभराची तयारी त्यात ऐकू येत होती.

मी कॅसेट उचलली. कुसुमताईंची नजर तिच्यावरच्या शाईवर गेली. माझ्या लक्षात आलं, पण हात थांबला नाही, कॅसेट आत गेली. वरचा नावाचा कागद बदलायला हवा होता, हे सुमनताईंना सुचलं नव्हतं, शेवंताबाईंना नाही, आणि मलाही नाही.

यंत्राचं बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. बाईचा आवाज, जुन्या काळचा, गोड. कुसुमताई सीटवर सरळ झाल्या. त्यांना कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र घालायची लाज वाटते, हे सुमनताईंनी मला आधीच सांगितलं होतं.

"अगं, माझी कॅसेट," त्या म्हणाल्या. "तू अजून ठेवलीस?"

मागे एकदम शांतता. काल इतक्या कष्टाने भरली ती याच्यापुढे काहीच नाही. कुसुमताई डोळे मिटून ऐकत होत्या. कडवं संपल्यावर म्हणाल्या, "मीच ना गं ही? केवढा लागायचा माझा आवाज."

मी आरशात पाहिलं. सुमनताईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. मला ते दिसत होतं. एक वर्ष मुरलेलं, आणि आता त्याहून चांगलं एक आयतं मिळालेलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तूच," त्या म्हणाल्या. "तेव्हा लागायचा तुझा आवाज."

मागच्या दोघींपैकी एकीने रुमाल काढून नाक पुसलं. मी एवढी शिकलेली नाही, तरी मला कळलं की आता कुणी काही बोलायचं नसतं. पण भाच्याने गाणी आपल्या क्रमाने भरली होती, आणि पुढचं गाणं पुरुषाचं होतं. तानपुरा सुरू झाला, कुसुमताई पुन्हा डोळे मिटून तयार.

"वनिता, ते बंद कर," सुमनताई म्हणाल्या. "धरण आलं."

धरण चार-पाच किलोमीटर पुढे होतं. मी बंद केलं. "हो ताई," म्हटलं, "आलंच."

धरणाकाठी गर्दी होती. कणीसवाल्यांचे निखारे, घोडे, फुगे, पाण्यावरून येणारं गार वारं. आपल्याकडचा तलाव गप्प असतो, इथलं पाणी यात्रेत बसल्यासारखं. पुणेकर हे पाणी रोज पितात आणि रविवारी त्याच्याकडे पाठ करून कणीस खातात. तिघी मैत्रिणी बाकावर बसल्या. कुसुमताई बाकी दोघींना ती कॅसेट कशी भरली, तबल्याला कोण होतं, ते सांगत होत्या. सुमनताई काठी टेकत गाडीपाशी आल्या. मला एक कणीस दिलं.

"मघाशी मी धरण आलं म्हणाले."

"हो ताई."

"आलं नव्हतं."

"नव्हतं."

"तुझी स्टेशनं बंद होती, तसंच हे," त्या म्हणाल्या. "फक्त तू स्वतःसाठी बोललीस. तेवढा फरक लक्षात ठेव." मग चार पावलं जाऊन थांबल्या. "उद्या सकाळी आठला. सव्वाआठ झाले तर मी रिक्षा करीन."

मी कणीस खाल्लं. तिखट जरा कमी होतं. पुण्यात एवढं चालायचंच.

पुन्हा खडकी

सुट्टीवर गावाला निघायच्या आधी मी शेवंताबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. कुसुमताईंचं ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, वायरीचा टाका सुटला नाही ना, त्या रस्त्यावर खड्डे फार. मी म्हटलं, नाही सुटला. मग त्यांचा चेहरा उजळला.

निघताना त्या म्हणाल्या की त्यांच्या आईचं गाव साकोलीच्या पलीकडे, तिथे एक तलाव आहे म्हणे, आई रोज त्याचं सांगायची. त्यांनी तो कधी पाहिला नाही. नोकरी होती, मग नवऱ्याचं आजारपण, मग स्वतःचे पाय. आता एकटीने एवढ्या लांब कोण जाणार. मला म्हणाल्या, जाऊन बघ आणि आहे की नाही तेवढं सांग.

मी परवा जाऊन आले. आहे. पण नुसतं 'आहे' एवढं सांगून मी मोकळी होणार नाही.

शेवंताबाई, हे छापून येईल, म्हणजे मग मला मागे फिरता येणार नाही: एक दिवस मी तुम्हाला खडकीतल्या ओट्यावरून उचलून त्या तलावाच्या काठावर नेऊन बसवीन आणि परत आणून सोडीन. माझी गाडी झाली नसेल तर कुणाची तरी मागून आणीन, पण चालवीन मीच. वाटेत काही बिघडलं तर दुरुस्त तुम्ही करायचं, हे मात्र आधीच सांगून ठेवते.